प्रूफ

खणभागात पिठाच्या गिरणीला खेटून
मगदूमकाकांचा छापखाना.
गिरणी सुरू झाली की माझा कीबोर्ड थरथरतो,
आणि संध्याकाळी मी घरी जाते
अर्धी पांढरी, अर्धी काळी.

अठरा पूर्ण झाली ती ऐन लग्नसराईत.
चि. आणि चि. सौ. कां. जागच्या जागी बसवताना
लक्षातच आलं नाही
की मला काहीतरी मिळालंय.

मग वॉर्डाची निवडणूक लागली.
पहिला उमेदवार आला, मागं पाच-सहा पोरं, पुढं पेढ्यांचा बॉक्स.
काका म्हणाले, "जुलेखा, मागची फाईल काढ.
फोटो बदल, साल बदल,
बाकी हाय तसं ऱ्हाऊ दे."

फाईलचं नाव ‘फायनल नवीन दोन’.
कलम तीन : गल्लीतील उघड्या गटारींचे बंदीस्तीकरण.
तिच्याखाली आणखी जुनी, नुसतीच ‘फायनल’.
तिच्यातही कलम तीन.
त्या साली मी तिसरीत होते;
त्याच गटारीतून माझी डावी चप्पल वाहून गेली.
मार मला बसला.
गटारीला कुणी काही म्हणालं नाही.

दुपारी दुसरा आला. रंग निराळा, चिन्ह निराळं,
पेढे मात्र त्याच दुकानाचे.
त्याच्या कागदावरही बंदीस्तीकरण,
आणि ‘दी’ तीच, चुकून दीर्घ झालेली,
आमच्याच टेबलावर.
मी ती ऱ्हस्व केली.
मग बराच वेळ बोट तिथंच राहिलं.

तिसरी बाई आली रिक्षानं, एकटीच.
पाचशे पत्रकं, एकरंगी, पैसे रोख.
प्रूफ वाचता वाचता तिनं पेन मागितलं
आणि एक ओळ खोडली.
"हे माझ्या हातात न्हाई गं, उगं कशाला."
आधीच्या दोघांनी न वाचताच
‘प्रूफ ओके’खाली सही केली होती.

अब्बा म्हणाले, मोहल्ल्याचं ठरलंय.
भाऊ म्हणाला, वारं कुणाचं हाय ते बघ.
मी खिडकी उघडली,
वारं गटारीवरून येत होतं.

महापालिकेत गेले. टेबलामागच्या माणसानं
कागद हातात घ्यायच्या आधीच विचारलं,
"कुणाकडनं आलीस?"
मला नाव सुचेना.
"गटारीकडनं," म्हणाले.
तो हसला, मग हसायचा थांबला,
आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प
कुठं मिळतो ते सांगितलं.

मतदार यादीत मी ‘जुलेका शिकलगार’ होते, लिंग पुरुष.
दिवसभर दुसऱ्यांच्या वेलांट्या सरळ करणारी मी!
फॉर्म भरला. दोनदा.

मतदानादिवशी शाळेच्या वर्गात, फळ्यावर अजून गुणाकार.
बाईंनी माझं बोट धरलं आणि थबकल्या,
"शाई तर आधीच हाय की गं."
"ती छापखान्याची," म्हटलं,
ओढणीला पुसून बोट पुन्हा पुढं केलं.

मत कुणाला दिलं ते ह्या कागदावर येणार नाही.
खात्री होती असंही नाही.
पुठ्ठ्याच्या आडोशाला मी वेळ लावला,
एवढा, की कुणीतरी खाकरलं.

उत्तर आलं निकालानंतर अकराव्या दिवशी.
एकच पान.
निधी मंजूर. निधी अखर्चित. निधी परत.
पाच वर्षांनी पुन्हा तेच, त्याच क्रमानं.
खाली गोल शिक्का, अर्धाच उमटलेला.
मी चोर शोधत होते;
निघाला नुसता विसर,
आणि त्यात थोडी मीसुद्धा.

नखावरची रेघ तोवर जराशी वर सरकलेली,
खाली नवं, कोरं नख.

ते पान स्कॅन करून
दोन्ही ‘फायनल’च्या शेजारी ठेवलं.
नाव काय द्यावं कळेना.
तेवढ्यात गिरणी सुरू झाली,
आणि निवडून आलेल्याचा माणूस दारात,
आभाराचं पत्रक छापायला.
"मागचंच काढ की," म्हणाला.
मी खुर्ची पुढं सरकवली.
"बसा. आधी हे एक पान वाचा."